कूलरचा पत्रा, कूलंटची टाकी

२१ एप्रिल २०२४, रविवार

गाडीच्या कूलंटच्या टाकीची शिवण उलली. प्लास्टिकची टाकी दोन अर्ध्या भागांची जोडलेली असते आणि रायपूरचे वीस उन्हाळे सोसलेले प्लास्टिक नेमके जोडावरच फाटते. ही गाडी बनायची बंद होऊन बराच काळ लोटला. नवी टाकी मिळत नाही. भंगारात मिळते ती दुसऱ्या कुणाच्या गाडीतून काढलेली, म्हणजे तितकेच उन्हाळे सोसलेली. तेव्हा पत्र्याची करून घ्यायची. पत्रा कोणता, एवढाच प्रश्न आहे असे सध्या वाटते आहे.

आधी एक गोष्ट तपासली. स्प्रिंगचे झाकण रेडिएटरवर असेल, तर शेजारची बाटली नुसते बाहेर पडलेले पाणी साठवून परत देते. तिच्यात दाब नसतो. ती कशाचीही करा, लोणच्याची बरणी बांधलीत तरी चालेल. आमच्या गाडीच्या रेडिएटरला झाकणच नाही. दाबाचे झाकण टाकीवर आहे आणि त्यावर १ बार असे छापले आहे. म्हणजे इंजिन तापले की टाकीच्या आतल्या दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ १ किलोचा भार. हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते, वर १ बार चढवला की १२० ला. निम्मे ग्लायकॉल असेल तर आणखी सात-आठ अंश पदरात पडतात. मे महिन्यात टाटीबंधच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकल्यावर हेच अंश कामाला येतात.

बॉनेटखाली जागा मोजली. २० बाय १२ बाय १५ सेंटिमीटरचा डबा सहज बसेल. आत साडेतीन लिटर मावतील, गरजेपेक्षा जास्तच.

२३ एप्रिल, मंगळवार

हनुमान जयंती. तात्यापाऱ्यातल्या मारुतीला जाऊन येताना कूलरवाल्याकडे थांबलो. या दिवसांत रायपुरात पत्र्याचे काम म्हणजे कूलरच. फुटपाथवर चौकोनी सांगाडे रचलेले, आत दोन माणसे पत्रा कापताहेत, तिसरा वाळा भरतोय. पत्रा वाकवायचे यंत्र आणि हाताने फिरवायचा तीन रुळांचा रोलर, दोन्ही त्याच्याकडे आहे. हे लक्षात ठेवले.

त्याने ऐकून घेण्याआधीच उत्तर दिले. ‘२४ गेजचा जीआय घ्या भैया, कूलरला तोच लावतो. उद्या या.’

कूलरला जीआय बरोबरच आहे. उघड्या थंड पाण्यात जस्ताचा मुलामा स्वतः झिजतो आणि आतल्या लोखंडाला सांभाळतो. कूलंटमध्ये हाच गुण उलटतो. कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. ग्लायकॉलमध्ये गंजरोधक द्रव्ये मोजून मिसळलेली असतात. ती जस्ताशी झटून संपतात, त्यांचा गाळ होतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. टाकी टिकेल आणि रेडिएटर बुजेल. शिवाय मुलाम्यावर वेल्डिंग केले की जस्ताचा पांढरा धूर उठतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप. पत्र्याच्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, त्याने तो ताप काढलेला असतो.

कूलंटची कसोटी कोणकोणत्या धातूंवर घेतात ते पाहिले. एएसटीएमच्या डी १३८४ या चाचणीत काचेच्या भांड्यात सहा धातूंच्या पट्ट्या बुडवून ठेवतात: तांबे, डाख, पितळ, पोलाद, बीड आणि ॲल्युमिनियम. जस्ताचे त्यात नाव नाही. ही यादी म्हणजे गाडीच्या पाण्याच्या वाटेवर कुणाला बसायची परवानगी आहे त्याची यादीच आहे. जीआय बाद.

साधा सीआर पत्रा, म्हणजे काळा न पडलेला गुळगुळीत एमएस, नियमाने चालतो. इंजिनचा ब्लॉक बिडाचाच असतो. पण टाकीच्या वरच्या तृतीयांशात कूलंट नसते. तिथे वाफ आणि हवा असते आणि गंज तिथे धरतो. आतून रंग लावला तर पोपडे सुटून पुन्हा रेडिएटरमध्येच जाणार. तोही बाद, फार विचार न करता.

२५ एप्रिल, गुरुवार

फाफाडीहच्या बाजूला एक रेडिएटरवाला आहे, वयाने सत्तरीचा. त्याच्या दुकानात ॲसिडचा आणि डाखाचा वास मुरलेला. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघत होत्या त्या काळापासून तो हेच करतो. त्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, वरची-खालची टाकी पितळेची आणि सगळे डाखाने जोडलेले. त्याचा सल्ला ठाम होता: पितळ, २० गेज, दुमडून डाख भरायचा. बिलासपूरच्या वाटेवर गळली तर कोणत्याही गावात कुणीतरी अर्ध्या तासात झाळून देईल.

हे शेवटचे म्हणणे मला फार पटले. दुरुस्त करता येणे हा धातूचाच एक गुण मानायला हवा, तक्त्यात तो छापलेला नसला तरी.

तरी दोन अडचणी दिसतात. ६०-४० चा डाख १८३ अंशांना मऊ पडू लागतो. आपले पाणी १२० च्या पुढे जाणार नाही, म्हणून तो वितळणार नाही. पण शंभराच्या आसपास त्याची ताकद खूप घटते आणि सततच्या भाराखाली तो हळूहळू सरकतो. पद्मिनीच्या वेळी दाब कमी होता, म्हणून निभले. कडक झाळ द्यायची तर पितळ ६०० अंशांच्या वर न्यावे लागते आणि एवढ्या आचेत पत्रा नरम पडतो. पुण्याच्या तांबट आळीत भांडे घडवल्यावर मठारतात. ते ठोके दिसायला छान असतात खरे, पण ठोकल्याने धातू ताठतो हे त्यातले खरे काम. टाकी झाळून झाल्यावर ती मठारणार कशी?

दुसरी अडचण गाडीतच आहे. आमचा रेडिएटर आणि इंजिनचे हेड दोन्ही ॲल्युमिनियमची. पाण्याच्या त्याच फेऱ्यात तांबे असले की त्याचे अगदी थोडे कण विरघळतात आणि ॲल्युमिनियमवर जाऊन बसतात. जिथे बसतात तिथे खड्डा पडतो. कूलंटमध्ये तांब्याला आवरणारी द्रव्ये असतात, त्यामुळे कूलंट वेळेवर बदलणाऱ्याला काही होत नाही. ही गाडी उद्या भाच्याच्या हाती जाईल. तो वेळेवर बदलेल याची हमी मी देत नाही.

म्हाताऱ्याला नाही म्हणताना वाईट वाटले. त्याने मनावर घेतले नाही. ‘जोड बने रही त पतरा घलो बने रही,’ एवढे छत्तीसगढीत म्हणाला आणि पुन्हा भट्टीकडे वळला. जोड नीट असला तर पत्राही नीट राहील.

२८ एप्रिल, रविवार

भाच्याचा पुण्याहून फोन. तो मेकॅनिकल शिकतो. माझ्या डब्याचे चित्र त्याला पाठवले होते.

‘मामा, डबा का?’

‘जागा चौकोनी आहे म्हणून.’

‘२० बाय १५ ची बाजू म्हणजे ३०० चौरस सेंटिमीटर. १ बारला तिच्यावर ३०० किलो येतात. तीनशे किलो, मामा. तुम्ही पत्र्यावर तीन-चार माणसे उभी करताय.’

हिशोब त्याने पाठवला, मी वहीत पुन्हा मांडून पाहिला. २ मिलिमीटर ॲल्युमिनियमची ती सपाट बाजू मधोमध जवळजवळ २ मिलिमीटर फुगेल. कडेच्या वेल्डिंगजवळ ताण २०० मेगापास्कलच्या वर जाईल. वेल्डिंगने नरम पडलेल्या ॲल्युमिनियमला त्याचा निम्माही पेलत नाही. आणि हे एकदा होऊन थांबणार नाही. गाडी तापली की फुगायचे, निवली की बसायचे, रोज. प्लास्टिकच्या टाक्यांना आतून पडदे आणि बाहेरून गोलाई उगाच नसते.

तोच पत्रा ११ सेंटिमीटर व्यासाचा गोल वळवला की भिंतीतला ताण ३ मेगापास्कलवर येतो. दोनशेचे तीन. धातू तोच, जाडी तीच, दाब तोच. गोल भिंतीला वाकायचे कामच उरत नाही, ती फक्त ताणली जाते. गॅसचा सिलिंडर, टँकरचा पिंप, गोल कशासाठी असतात हे सगळ्यांना ठाऊक असते आणि बॉनेट उघडले की चौकोनी जागा पाहून विसरायला होते.

दोन टोकांच्या चकत्या मात्र सपाट राहतात. त्यांच्यावर प्रत्येकी ९५ किलो. २ मिलिमीटर जाडीत ताण ५७ मेगापास्कल, स्टेनलेसला काहीच नाही. ॲल्युमिनियमला ३ मिलिमीटर घेतले की पंचविसावर उतरतो.

११ व्यास, २५ लांबी. आत सव्वादोन लिटरच्या वर. पाणी-ग्लायकॉलचे निम्मे-निम्मे मिश्रण २० पासून ९० अंशांपर्यंत तापले की चार-साडेचार टक्के वाढते. आमच्या सहा लिटरांच्या फेऱ्यात पाव लिटरच्या थोडे वर. टाकीचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवला की वाढीला भरपूर जागा आहे.

गेले आठ दिवस धातू-धातू करत होतो आणि त्याआधी आकार ठरायला हवा होता, हे भाच्याने दोन शब्दांत सांगितले.

१ मे, बुधवार

गुढियारीकडे स्टीलच्या दुकानात. दुकानदाराला भिलाईचा अभिमान. इथे सगळ्यांनाच असतो. पहिली भट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पेटली ती गोष्ट माझ्या वडिलांच्याही तोंडी असे. पण भिलाईतून रूळ निघतात, जाड प्लेटा निघतात, तारेचे रॉड निघतात. टाकीला लागतो तसला पातळ पत्रा भिलाईत होत नाही. तो बोकारोहून, राउरकेल्याहून येतो, स्टेनलेस आणखी कुठून कुठून. पोलादाच्या गावाला खेटून राहायचे आणि दीड मिलिमीटरच्या पत्र्यासाठी बाहेरच्या मालाकडे बघायचे, अशी गंमत.

स्टेनलेसमध्ये ३०४ हवा: १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. बाजारात त्याच चकाकीचा २०२ असतो. त्यात निकेल निम्मे आणि भरपाईला मँगनीज, आणि भाव बराच कमी. लोहचुंबक लावून बघा म्हणणारे पुष्कळ भेटतात. दोघांनाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा इथे निरुपयोगी. दुकानदाराकडे छोटी बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी होती. पत्र्यावर थेंब टाकायचा आणि बॅटरीची तार टेकवायची. मँगनीजवाल्या २०२ वर थेंब लाल होतो, ३०४ वर नाही. त्याने स्वतःहून दोन्ही करून दाखवले. अशा दुकानदाराकडून घ्यावे.

वजन: दीड मिलिमीटरचा ३५ बाय २५ चा तुकडा १ किलो ५० ग्रॅम, चकत्या ३०० ग्रॅम. रिकामी टाकी दीड किलोच्या आत-बाहेर. ॲल्युमिनियमची, भिंत २ आणि चकत्या ३ मिलिमीटर धरूनही ६०० ग्रॅमच्या आसपास. फरक आहे, पण शर्यतीची गाडी नाही ही.

४ मे, शनिवार

मन मात्र ॲल्युमिनियमकडे ओढते. एक तर रेडिएटर आणि हेड त्याच जातीचे. दुसरे म्हणजे कोरबा. १९६५ ला स्थापन झालेली बाल्को छत्तीसगडातच, इथून दोनशे किलोमीटरवर. ॲल्युमिनियम हा या राज्याचा घरचा धातू आहे.

जात कोणती? दुकानात ‘ॲल्युमिनियम’ म्हणून सर्रास देतात ते ११००, जवळजवळ शुद्ध, हाताने वाकणारे. ३००३ मध्ये थोडे मँगनीज, जुळते चांगले, वाकते चांगले. ५०५२ मध्ये अडीच टक्के मॅग्नेशियम, जास्त दणकट. ६०६१ ची कीर्ती मोठी, पण ते आवळून वाकवले तर तडकते आणि वेल्डिंगच्या आचेत त्याचे बळ जाते. गोल टाकीत भिंतीवर ताण तीनच मेगापास्कल आहे म्हटल्यावर दणकटपणाचा सोस कशाला? ३००३ पुरे. भरायची तार ४०४३, सिलिकॉनची. ५३५६ ही तार पुष्कळ जण वापरतात, पण तिच्यात मॅग्नेशियम पाच टक्के असते आणि ६५ अंशांच्या वर सतत तापणाऱ्या जोडाला ती वर्ज्य आहे. आपली टाकी नव्वदवर राहणार.

इथपर्यंत कागदावर सगळे ॲल्युमिनियमच्या बाजूने. आता जोडणारा पाहिजे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्यावरची ऑक्साइडची साय २००० अंशांच्याही पुढे. म्हणून टिग वेल्डिंगला एसी करंट लागतो, तो सायीला फोडत जातो. भनपुरीत टिगची यंत्रे पुष्कळ आहेत. त्यातली बहुतेक डीसी, जिन्याच्या स्टेनलेस रेलिंगसाठी घेतलेली. एसीवाला एक सापडला. तो दुपारचे बोरे-बासी खात बसला होता, मलाही वाटी पुढे केली. रात्री पाण्यात भिजवलेला भात, कांदा, मीठ; या उन्हात त्याच्यापुढे कूलंट काय करील. ॲल्युमिनियमचे काम महिन्यातून एखादे येते म्हणाला.

दोघांना सारखेच काम दिले. एसीवाल्याला ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, शेजारच्या रेलिंगवाल्याला ३०४ च्या दोन. काटकोनात जोडून द्या, पैसे देतो.

७ मे, मंगळवार

लोकसभेचे मतदान. दुकाने बंद. सकाळी लवकर मत देऊन आलो.

फिलर नेक, म्हणजे झाकणाची मान, तयारच विकत घ्यायची असे ठरवले. झाकणाची रबरी चकती ज्या कड्यावर बसते ते कडे सपाट आणि ठरल्या खोलीवर असावे लागते, तरच १ बारला झडप उघडते. हातोडीने घडवलेल्या मानेवर झाकण कितीला उघडेल ते सांगता येणार नाही आणि मग टाकीचा सगळा हिशोबच वाहून जातो. स्टेनलेसची मान मिळते, ॲल्युमिनियमचीही मिळते.

१० मे, शुक्रवार

अक्षय्य तृतीया, इथली अक्ती. गोलबाजारात मातीचे पुतरा-पुतरी मांडलेले, मुली बाहुला-बाहुलीच्या लग्नाची खरेदी करताहेत. मी पिशवीत चार पट्ट्यांचे दोन काटकोन घेऊन फिरतोय.

जोड हॅकसॉने आडवे कापले, पॉलिश पेपरवर घासले. बाहेरून ॲल्युमिनियमचा जोड जास्त देखणा होता, नाण्यांची चळत लावल्यासारखा. आत काळी बारीक भोके, टाचणीच्या टोकाएवढी, एका ओळीत. वितळलेले ॲल्युमिनियम हायड्रोजन पिते आणि गोठताना सोडते. तो हायड्रोजन येतो पट्टीवरच्या तेलातून, तारेवरच्या दमटपणातून, नीट न घासलेल्या सायीतून. रोज हे काम करणाऱ्याच्या हाताला ॲसिटोन आणि स्वच्छ ब्रश यांची सवय असते. महिन्यातून एकदा करणाऱ्याला ती कुठून असणार? त्याचा दोष नाही.

रेलिंगवाल्याचा स्टेनलेस जोड बाहेरून थोडा ओबडधोबड, मागच्या बाजूने जरा काळपटलेला. कापल्यावर आत भरीव, एक भोक नाही.

३०४. ठरले. रायपुरात ॲल्युमिनियम घरचे आहे, पण ते जुळवणारे हात रेलिंगवर बसलेले आहेत. दुसऱ्या कुठल्या गावात मी बहुधा ॲल्युमिनियम घेतले असते आणि तेही बरोबरच ठरले असते.

स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात, ही शंका भाच्याने काढली. मध्ये रबरी होज आहेत, टाकी रबराच्या बुशांवर बसवू, म्हणजे धातूला धातू कुठेच टेकत नाही. विरघळून दुसरीकडे जाऊन बसायची तांब्याची खोड स्टेनलेसला नाही.

१२ मे, रविवार

कूलरवाल्याच्या तीन रुळांच्या रोलरमधून पत्रा वळवून घेतला. लांबी ३५ सेंटिमीटर, व्यासाला मधल्या रेषेवरून हिशोब धरला. दीड मिलिमीटर स्टेनलेस हाताने फिरवताना त्याची दोन पोरे घामाघूम. पहिल्या फेऱ्यात पत्रा परत उघडतो, ‘स्टील रुसते’ म्हणाला. तीन-चार वेळा रूळ आवळत न्यावे लागले.

रेलिंगवाल्याने उभी शिवण घेतली. आतून आर्गॉन सोडायला लावले, नाहीतर जोडाची आतली बाजू जळून खरखरीत होते आणि कूलंट नेमके तिथेच असते. त्याने असे कधी केले नव्हते. कागदी टेपने दोन्ही टोके बंद करून एक नळी खुपसली, भागले. मग चकत्या, वर मान, खाली मोठ्या होजचा तोटा, बाजूला ८ मिलिमीटरचा बारीक तोटा. रेडिएटरच्या माथ्यावरची हवा त्यातून टाकीत येईल. तोट्यांच्या टोकांना गोट उचलून घेतला, क्लिप घसरू नये म्हणून.

धातूच्या टाकीची एक उणीव राहतेच: आतली पातळी दिसत नाही. जुनी टाकी पारदर्शक होती, बॉनेट उघडले की कळायचे. बाजूला दोन छोटे तोटे काढून त्यांत उष्णता सोसणारी नळी लावता येते, पण दाबाखालची आणखी दोन गळतीची ठिकाणे कशाला? मानेतून खोचायची पट्टी करून घेतली, तिच्यावर दोन खुणा. झाकण गार असतानाच उघडायचे. १२० अंशांच्या पाण्यावरचा दाब सोडला की ते जागच्या जागी उकळून अंगावर येते.

१४ मे, मंगळवार

दाबाची परीक्षा. पाण्याने, हवेने नाही. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, जोड सुटला तर चकती उडते. पाणी दबत नाही, जोड सुटला तर चूळ भरल्याएवढे बाहेर येते आणि दाब शून्य. टाकी काठोकाठ भरली, तोटे बंद केले, मानेवर सपाट चकती आवळली, घड्याळवाल्या हातपंपाने दीड बारवर नेऊन ठेवले.

खालच्या चकतीच्या जोडावर, जिथे वेल्डिंग सुरू होऊन संपले तिथे, एक थेंब उगवला. पुसला, पुन्हा उगवला. खडूने खूण केली. रेलिंगवाल्याने तेवढे ग्राइंडरने उकरून पुन्हा भरले. दुसऱ्या खेपेला तासभर काटा हलला नाही.

उद्या बसवायची. ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे, नळाचे खारूनचे पाणी नको. जुने कूलंट डब्यात काढून झाकून ठेवले आहे. ते गोडसर लागते आणि विषारी असते, गल्लीतली कुत्री चाटायला येतात. कचऱ्याच्या गाडीवाला ते घेत नाही. रेडिएटरवाल्या म्हाताऱ्याकडे जुने कूलंट जमा करायचे पिंप पाहिले होते, त्याला विचारायचे आहे. टाकीही दाखवायची आहे.

बुश: १० मिलिमीटरचे चार. दोन मिळाले, दोन आणायचे.